चुकीच्या राणीचं पान

२७ डिसेंबर
आलं एकदाचं! दुपारी प्रेसमध्ये बाइंडरने पहिला गठ्ठा टेबलावर आपटला आणि मालक म्हणाले, "घ्या बाई, तुमचं बाळ." रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. पुढे तारीख, मागे इतिहासातली एक गंमत, वर जाड पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या तळाला बारीक अक्षरात 'संकलन' आणि पुढे माझं नाव. आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्यात. पन्नाशीला आले तेव्हा कुठे माझं स्वतःचं काही छापलं गेलं.

अजून एकही पान उलटून पाहिलेलं नाही. आमच्या धंद्यातला हा जुना नियम आहे, छापून आलेलं आपण वाचायचं नाही. जे पान उघडाल त्याच्यावर चूक हजर असते, आणि आता ती दुरुस्त करता येत नाही. तेव्हा नुसतं हातात घेतलं, वास घेतला, पिशवीत टाकलं. आनंदाने चहात साखर घालायची राहिली ते शेवटच्या घोटाला कळलं.

२९ डिसेंबर
पहिलं कॅलेंडर दादाच्या घरी. दुसऱ्या कुणाच्या असणार? ऑगस्टमध्ये माझा घोटा मोडला तेव्हा वहिनीने महिनाभर मला त्यांच्याकडे ठेवून घेतलं. अंघोळ घातली, केस विंचरले, माझी किरकिर ऐकली. त्याच्या आधी जुलैमध्ये आमचं केवढं वाजलं होतं! पण तिने कधी त्याचं नाव काढलं नाही. सख्खी बहीण करणार नाही ते वहिनीने केलं, हे मी कुठेही सांगेन.

वहिनी मला लाडात आली की 'वन्सं' म्हणते, तेही मान वेळावून, नाटकातल्यासारखं. एरवी सरळ अगं-तुगं. आज दारातच ओरडली, "अहो, बघा, वन्संनी आपला ग्रंथ आणलाय!" स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला खिळा ठोकून झाला. दादाने तिथल्या तिथे नियम केला: रोज सकाळच्या चहाला वहिनीने पान फाडून मोठ्याने वाचायचं, मग त्याने सांगायचं, खरं की थाप. आणि उद्याचं पान आज वाचायचं नाही.

"हे कोणाला सांगताय? मी पाळीन की," वहिनी म्हणाली. मी म्हटलं, तू तर कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणारी! तिने मला लाटणं दाखवलं. पोट दुखेपर्यंत हसलो.

३ जानेवारी
सकाळी मुद्दाम चहाच्या वेळेला टपकले. आज पक्ष्यांच्या युद्धाची गोष्ट होती. एका देशाच्या सैन्याने मशीनगन घेऊन मोठ्या पक्ष्यांवर चाल केली आणि शेवटी पक्षीच पुरून उरले. दादा गरजला, "थाप!" मी म्हटलं, शंभर टक्के खरं. कालच्या पानावर मेलेल्या धर्मगुरूचं प्रेत उकरून त्याच्यावर खटला चालवल्याचं होतं, त्यालाही तो थाप म्हणाला होता म्हणे. तीन दिवस, तीन वेळा हरला. माझा कटाक्षच आहे, दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय एक गोष्ट घेतलेली नाही.

वहिनी जरा दमलेली वाटली. "आलात? बसा," म्हणाली. मी मान वेळावून "बसते हो वहिनीसाहेब" म्हटलं तर हसली नाही. गुडघे दुखत असणार. थंडी पडली की तिला त्रास होतोच. निघताना डबा दिला नाही, म्हणजे खरंच बरं नसणार.

११ जानेवारी
मेले. मेले मी.

मालकांकडे पुढच्या वर्षाचं बोलायला गेले होते. स्वारी खुशीत होती. म्हणाले, "बाई, सगळ्यात फर्स्टक्लास पान कुठलं सांगू? एकोणीस मार्च. ती चुकीची राणी! बायकोला वाचून दाखवलं, रडेपर्यंत हसली."

मी म्हटलं, "ते पान मी बदललं होतं. दुसरा मजकूर दिला होता तुमच्या हातात."

"दिला होतात. वाचला मी. घंट्यांचा कारखाना की काय होतं ते. त्यात काही मजा नव्हती बाई. म्हणून जुनंच ठेवलं."

एवढं सहज! भाजीवाल्याने एक टोमॅटो काढून दुसरा टाकावा तसं. मला वाटतंय मी "बरं" म्हणाले. बाहेर येऊन पायरीवर बसले, पिशवीतलं कॅलेंडर काढलं आणि नियम मोडून उलटलं. आहे. अक्षरन् अक्षर आहे. आणि चूक शोधायला गेलं तर एकही नाही.

१२ जानेवारी
इथे उतरवून ठेवते, म्हणजे माझं मला रोज वाचता येईल.

"एका राजपुत्राने शेजारच्या राजाच्या धाकट्या मुलीला मागणी घालायची ठरवली. निरोप घेऊन मामाला पाठवलं आणि स्वतः मोहिमेवर गेला. राजाला दोन मुली आहेत हे मामाला माहीतच नव्हतं. समोर थोरली दिसली, त्याने तिलाच पसंत केलं. राजपुत्र लग्नाच्या आदल्या दिवशी परत आला आणि बघतो तर नवरी दुसरीच! तो काही बोलला नाही. तीस वर्षं संसार केला. म्हातारपणी कुणी विचारलं, महाराज, तेव्हाच का बोलला नाहीत? तो म्हणाला, पाहुणे आले होते, ताटं वाढली होती. म्हटलं, आता कशाला उगाच."

अख्ख्या कॅलेंडरात एवढी एकच थाप, आणि तीही थाप नाही. राजपुत्र म्हणजे आमचा दादा. तेव्हा तो जमीनमोजणीच्या खात्यात होता, सहा-सहा महिने बाहेर. टायपिंगच्या वर्गात दोन बहिणी यायच्या. त्याच्या मनात धाकटी होती. मामाने जाऊन थोरली ठरवली. थोरली म्हणजे वहिनी. धाकटी पुढे परदेशी गेली, दर रविवारी फोन करते.

आई शेवटची आजारी होती तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून दादाने मला हे सांगितलं. माझ्याशिवाय त्याने आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही. "आता कशाला उगाच" हे त्याचं वाक्य सगळ्या घराला ठाऊक आहे. पंखा दुरुस्त करायचा का, आता कशाला उगाच. नवीन चष्मा? आता कशाला उगाच. वहिनीने हे पान वाचलं की तिला कळायला क्षणही लागणार नाही.

आणि मी हे लिहिलं कधी? जुलैत. दादाकडे टेबलाशी पाहुणे बसले होते आणि तो म्हणाला, "आमची शहाणी इतिहासाचे चणे-फुटाणे विकते." सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने वहिनी. मी वहिनीवर ओरडून तिथून उठले, घरी आले आणि हे लिहिलं. एकोणीस मार्च का? तर तो दादाचा वाढदिवस. मुद्दाम निवडला. जिभेला हाड नसतं म्हणतात, पेनाला तरी कुठे असतं! राग ऑगस्टमध्ये गेला, वहिनीच्या हातची पेज पिता पिता. कुबड्या घेऊन प्रेसमध्ये जाऊन बदली मजकूर दिला आणि निवांत झाले.

दादाने त्या बाकावर आणखीही एक वाक्य म्हटलं होतं. ते मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर गोष्टीतली गंमत गेली असती, आणि मला गंमत हवी होती. खरं तर मला टोचायचं होतं.

१९ जानेवारी
चोरी करायला गेले होते. दुसरा शब्द नाही. वेळ अशी निवडली की दादा दूध आणायला आणि वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला. मार्चपर्यंत पानं मोजत आले, नख लावणार एवढ्यात दादा मागे उभा! पाकीट विसरला होता.

"काय गं शहाणे, उद्याचं वाचतेस? नियम म्हणजे नियम!"

मी म्हटलं, "खिळा वाकडा झालाय, सरळ करत होते."

तर हा बाबा हातोडी घेऊन आला. दोघांनी मिळून सरळ असलेला खिळा काढला आणि परत ठोकला. वहिनी खाली आली, दारात उभी राहून बघत होती. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं तिला सगळं दिसतंय. मग मीच स्वतःला समजावलं, तिला काय दिसणार!

२५ जानेवारी
देव पावला. खरंच पावला!

वहिनी चहा टाकत होती, माझ्याकडे पाठ होती. मी झटकन पानं उलटली. सतरा मार्च, अठरा मार्च, वीस मार्च. एकोणीस नाही! पुन्हा बघितलं. पान नाहीच. आमचा बाइंडर एक नंबरचा धांदरट आहे, पानं खाली-वर करणं, एखादं गाळणं हे त्याचं नेहमीचं. त्याला आजवर दिलेल्या सगळ्या शिव्या मी परत घेते. नेमकं ह्याच घरच्या प्रतीत नेमकं तेच पान गळावं, ह्याला नशीब नाही तर काय म्हणायचं?

आनंदाच्या भरात मी वहिनीच्या गळ्यात हात टाकला. ती म्हणाली, "चहा सांडेल." सांडला नाही. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाली, "गुडघ्यांना काय झालंय?" स्वतःचं दुखणं कधी कबूल करायची नाही, असली माणसं.

येताना वाटेत प्रेसमध्ये जाऊन चार गठ्ठे तपासले. सगळ्यांत एकोणीस मार्च जागेवर आहे. असू दे. जगाने वाचावं, जगाला काय कळणार आहे?

९ फेब्रुवारी
मालकांना आणखी एक सुचलं. चुकीच्या राणीचं पान मोठं करून त्यांनी प्रेसच्या दुकानाच्या काचेवर लावलं, म्हणजे उरलेली कॅलेंडरं खपतील. दादा ह्याच रस्त्याने पेन्शनच्या कामाला बँकेत जातो. मी आत शिरले आणि ते ओरबाडून काढलं. गिऱ्हाइकं बघत राहिली.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ते खोटं आहे," मी म्हटलं. "ती गोष्ट मी बनवलेली आहे. कुठल्याही पुस्तकात नाही."

मला वाटलं आता काढून टाकतील मला. मालक टेबलावर हात आपटून हसले. "अहो मग आधी सांगायचं! पुढच्या वर्षी सगळ्याच बनवा. खऱ्यांपेक्षा बऱ्या जमतात तुम्हाला." पुढच्या वर्षाचं काम तिथेच पक्कं झालं. तोंड लपवायला जागा नाही आणि वर बढती! वर्षभर लायब्रऱ्या पालथ्या घालून मी काकवीच्या पुराने बुडालेल्या गल्ल्या शोधून काढल्या, थकून कोसळेपर्यंत नाचत सुटलेलं शहर शोधलं. त्यातलं एकही कुणाला आठवत नाही. घरातलं एक माणूस विकलं ते मात्र सगळ्यांना आवडलं.

१ मार्च
रविवार. दादाकडे जेवायला. धाकटीचा फोन आला, वहिनीने नेहमीप्रमाणे स्पीकरवर लावला. नेहमीप्रमाणे दादा उठून गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला गेला. आज वहिनी गॅलरीच्या दाराकडे बराच वेळ बघत राहिली. तिकडे धाकटी एकटीच बोलत होती, "ताई, आहेस ना गं?" म्हणेपर्यंत. मग वहिनी म्हणाली, "आहे. इथेच आहे."

मला ते का लिहावंसं वाटलं कोण जाणे. पान नाही, म्हणजे धोका नाही.

१९ मार्च
दादाचा वाढदिवस. सकाळीच केक घेऊन गेले. मनात हिशेब पक्का होता: आज पान नाही, दादा म्हणेल बाइंडर गाढव आहे, मी म्हणेन आहेच, विषय संपला.

गेले तर भिंतीवर वीस तारीख लागलेली. दादा पेपर बाजूला ठेवून तयार बसलेला. "चला, होऊ द्या! आज वाढदिवसाला तरी जिंकतो का बघू." वहिनीने ओट्यावरून एक फाडलेलं पान उचललं, चष्मा लावला आणि वाचायला लागली. "एका शहरात रस्त्यावर पहिल्यांदाच दिवे लावले, तेव्हा लोकांना वाटलं आता आपल्या घरातलं सगळं बाहेरून दिसणार. म्हणून सगळ्यांनी आपापल्या घरातले दिवे विझवले. कित्येक दिवस रस्ते उजळलेले आणि घरं अंधारात, असं ते शहर होतं."

हे मी लिहिलेलं नाही. माझ्या कॅलेंडरात असं पान नाही. सगळी पानं मी लिहिलीत, मला पाठ आहेत. आणि मी जिथे बसले होते तिथून तिच्या हातातल्या पानाची पुढची बाजू दिसत होती. त्यावर अठरा तारीख होती. कालचं पान.

"थाप!" दादा म्हणाला.

वहिनीने चष्मा काढला. "हरलात. खरं आहे. विचारा हिला." आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "खरं आहे."

दादा म्हणाला, "वाढदिवसाला पण हरवलंत रे मला!" आणि केक कापला. वहिनीने मला मोठा तुकडा दिला. मी तो संपवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत.

म्हणजे बाइंडर नव्हे. म्हणजे जानेवारीतलं "आलात, बसा" हे गुडघ्यांमुळे नव्हे. मी किती गाढव आहे? लोकांच्या लिहिण्यातला चुकलेला काना मला हातभर लांबून दिसतो.

२० मार्च
गेले नाही. हिंमत झाली नाही.

२१ मार्च
दादा बँकेत गेल्याचं बघून गेले. वहिनी पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसले. माझं पहिलं वाक्य तयार होतं, पण तिनेच सुरुवात केली.

"पान मीच काढलं. तू आणून दिलंस त्याच संध्याकाळी. सगळं कॅलेंडर वाचून काढलं, मला कुठे दम निघतो."

मी म्हटलं, "वहिनी, मी रागात होते तेव्हा..."

"ऐक. धाकटीचं मला माहीत होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी हे आमच्या दारात आले. मी दार उघडलं, तर ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या मागे बघितलं, अजून कुणी आहे का म्हणून. तेवढं पुरतं गं बाईला. वाटलं, आता बोलतील. बोलले नाहीत. म्हटलं, मग मी तरी कशाला बोलू?" तिने दादाचा शर्ट झटकला, बाह्या मागे घेतल्या. "मग मी त्याची सवय करून घेतली. ह्यांना वाटतं मला माहीत नाही, आणि मी ते त्यांना वाटू देते. तीस-एकतीस वर्षं. ती आमची दोघांचीच गोष्ट होती. न बोललेली, पण दोघांची. तिसरं कुणी नव्हतं त्यात. आता कळलं, तू होतीस."

मी पलंगावरचा एक टॉवेल घडीसाठी ओढला.

"एकच सांग. हे सांगताना हसले का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हसला," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी पण."

तिने शर्ट घडीवर ठेवला. मोठ्याने ओरडली असती तर बरं झालं असतं. जुलैत मी केवढी ओरडले होते तिच्यावर!

मग मी घाईघाईने ते सांगितलं, जे मी गाळलं होतं. "वहिनी, पण तो पुढे म्हणाला होता. दवाखान्यात, तिथेच. म्हणाला, मामाने अख्ख्या जन्मात एकच काम नीट केलं, ते हे. मी जाऊन ठरवलं असतं तर चुकलो असतो. देवाशपथ, असंच म्हणाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. क्षणभर वाटलं, पोचलं.

"छान आहे," ती म्हणाली. "आत्ता सुचलं?"

"वहिनी!"

"नाही गं, खरंच छान आहे. तू लिहिणारी बाई. तुला शेवट गोड करता येतो. पण मी कशावरून धरू की हे खरं? पानावर तर नव्हतं."

पानावर नव्हतंच. मी म्हटलं, दादालाच विचार. त्यावर मात्र ती चमकली. तिने माझं मनगट धरलं. "ह्यांना ह्यातलं एक अक्षर कळता कामा नये. मला माहीत आहे हे त्यांना कळलं ना, तर जन्मभर माझ्याशी जपून वागतील. माझ्यावर ओरडायचे नाहीत, पत्त्यांत मुद्दाम हरतील. मला जपून वागणारा नवरा नको आहे. शपथ घे."

घेतली. दुसरं काय करू शकत होते?

निघताना मी रडत होते आणि ती नव्हती. म्हणाली, "ये अधूनमधून. एकदम बंद केलंस तर ह्यांना शंका येईल."

३० मार्च
पुढच्या वर्षाचं काम सोडलं. मालकांना कारण सांगितलं नाही. "एवढं चाललेलं सोडता?" म्हणाले. प्रुफं तपासेन. त्यात माझं स्वतःचं काही नसतं.

५ एप्रिल
दादा आला होता. एकटा. माझ्या बेसिनचा नळ गळतो म्हणून पाना घेऊन आला, निदान सांगितलं तरी तसंच. नळ झाला, हात पुसले, आणि तो खुर्चीत बसून राहिला. त्याचे केस ताजे कापलेले होते.

"न्हाव्याकडे गेलो होतो," तो म्हणाला. "तुझं कॅलेंडर आहे त्याच्याकडे. तो कसला आळशी, पानं फाडतच नाही. आरशाच्या बाजूला अजून एकोणीस मार्च."

मी नळ उगाच उघडून बंद केला.

"अर्धी दाढी झाली होती. माझाच वाढदिवस, म्हणून पान उलटलं आणि साबण लावलेल्या तोंडाने वाचलं. तो विचारतो, साहेब, भारी आहे ना? म्हटलं, भारी आहे."

"दादा, मी तुझ्या पाया पडते..."

"थांब. मला राग आला. तिथून घरी जाईपर्यंत एवढा राग होता की तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. आणि सगळं लिहिलंस तर मामाचं का गाळलंस? ते मी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतंस. टोचायचं होतं मला, म्हणून गाळलं."

त्याने मान हलवली. मग मी शपथेच्या कडेकडेने जाऊन पाहिलं. म्हटलं, "दादा, ते मामाचं वहिनीला सांग ना. एकदा. तुझ्या तोंडाने."

"कसं सांगू?" तो म्हणाला. "मामाने बरं केलं म्हणायचं, तर आधी काय केलं ते सांगायला नको? तिला त्यातलं काही माहीत नाही. माहीत नाही म्हणून सुखात आहे बिचारी. तेवढं एक मी आयुष्यात नीट सांभाळलंय."

माझ्या तोंडात शब्द होते. अगदी दातांपर्यंत आले होते. वहिनीचा हात मनगटावर आहे असं वाटलं आणि मी ते गिळले.

दादा पुढे झुकला. त्याचा आवाज बदलला, लहानपणी मला शाळेत सोडताना असायचा तसा झाला. "मग मला त्या दिवशीचं आठवलं. वाढदिवसाचं. तुझ्या वहिनीने तर दिव्यांचं वाचलं होतं! म्हटलं, न्हाव्याकडे एक आणि आमच्याकडे दुसरं, हे कसं? मग डोक्यात प्रकाश पडला. तू प्रेसमधली. आमच्या एका कॅलेंडरासाठी वेगळं पान छापून घेतलंस, आणि त्या दिवशी खिळ्याचं नाटक करून घातलंस. हो ना?"

मी बेसिनवरचा पाना उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"चूक केलीस, पण निस्तरलीस. तिला काही कळू दिलं नाहीस. मी राग सोडला तो तेवढ्यासाठी. शहाणे, तूच बदललंस ना ते पान?"

तो वाट बघत होता. साठीचा माणूस, कानामागे अजून साबण लागलेला.

मी म्हटलं, "हो. मीच."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उपकार केलेस बघ माझ्यावर," म्हणाला. मग पाना पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि जिन्यावरून वळून म्हणाला, "जेवायला ये आज. तुझी वहिनी वाट बघतेय."

मी येते म्हटलं.